दुपट्ट्याखालचा भाव

मे महिन्यात भर दुपारी कोणी दार वाजवलं तर नागपूरचा माणूस आधी मनातल्या मनात शिवी देतो आणि मग कडी काढतो. मीही तेच केलं. दारात घरमालक उभे. पांढरा शर्ट, पँट, आणि खांद्यावर लाल काठाचा दुपट्टा. ‘या’ म्हणायच्या आत ते आत आले, पश्चिमेकडच्या भिंतीला तळहात लावला, मग गाल लावला, आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. मला वाटलं, म्हातारा उन्हानं फिरला. मी पाणी आणेपर्यंत ते निघूनही गेले.

संध्याकाळी जिन्यात भेटले. म्हणाले, ‘पुढच्या महिन्यापासून भाडं कमी द्या मॅडम. भिंत लय तापून राहिली. मी भाडं थंडीत ठरवलं होतं, तवा हे समजलं नाही मले.’

‘पण काका, मी कुठं तक्रार केली?’

‘तुम्ही केली नाही म्हणून काय भिंत थंड झाली?’

दर वर्षी भाडं वाढवणारे मालक मी पाहिले होते. बाई एकटी आहे म्हणून दोन महिन्यांचं जास्त डिपॉझिट मागणारेही पाहिले होते. भिंतीला गाल लावून भाडं उतरवणारा प्राणी पहिल्यांदाच पाहत होते. खाली जाऊन त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना सांगितलं, तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘त्याईले सवयच आहे वं ती. लग्नात माह्या बापानं घड्याळ दिलं, तं भर मांडवात म्हणे, मामाजी, तुम्ही फसले, हे एवढ्याचं नाही.’

तर असे हे आमचे काका. आता ते नाहीत. प्रताप नगरच्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर राहायचे आणि सदरमध्ये माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब होती. सकाळपासून लोकांच्या शिरा शोधायच्या, रक्त काढायचं, दुपारी रिपोर्ट द्यायचे. तोंडानं मी फटकळ, आणि जुन्या वस्तूंचं मला अजिबात कौतुक नव्हतं. जुनं म्हणजे भंगार, असं माझं साधं मत. आणि राहायला गेले कुठं, तर अख्ख्या नागपुरात जुन्या गाडीचा भाव ज्याच्या शब्दावर ठरतो त्या माणसाच्या घरी!

काका उमरेडच्या विणकर घरातले. वडील लुगडी विणायचे आणि बाजारात व्यापाऱ्याला विकायचे. काकांनी स्वतः मागाला कधी हात लावला नाही. विम्याच्या कामात आयुष्य गेलं. ठोकलेल्या, जळलेल्या, नाल्यात पडलेल्या गाड्या पाहायच्या आणि नुकसान किती ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर लोक घरी यायला लागले. कोणाला पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी घ्यायची असे, कोणाला आजोबांची विकायची असे. काका फी घेत नसत. सौदा झाला की घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एका टेबलाशी बसून काकांसोबत तर्री-पोहे खायचे, एवढीच अट. ‘सौद्यानंतर जे एकत्र खाऊ शकत नाहीत, त्याईतला एक जण नक्की फसला,’ असं ते म्हणत.

‘विंटेज’ शब्द त्यांना खपत नसे. ‘विंटेज काय असते? जुनी म्हणा ना बाप्पा! म्हातारीले म्हातारी म्हटलं तं राग नाही येत, तिचा भाव चुकीचा केला तं येते.’

त्यांची स्वतःची एक गाडी होती. बिस्किटी रंगाची, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, मध्य प्रांताच्या जमान्यात पहिल्यांदा रस्त्यावर आलेली. रोज सकाळी ते तिला कॉलनीत एक फेरी मारून आणत. मी ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या आदल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचंही हळूहळू जाणार होतं. गाडी चालवणं बंद. काकांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं, ‘मले दिसते तोवर हिचा भाव मी स्वतः करीन आन् चालवणाऱ्याच्या हातात देईन. मी मेल्यावर कोणी येऊन काहीही सांगीन, ते नाही जमत.’ त्या घरात त्यानंतर दुसरा विषयच नव्हता.

आणि डोळ्यांमुळेच मी त्यांच्या फंदात पडले. दुसऱ्यांच्या गाड्या पाहायला जायचं तर न्यायला कोणी हवं. रविवारी लॅब बंद असे. एकदा माझ्या छोट्या गाडीतून नेलं, दुसऱ्यांदा नेलं, तिसऱ्या रविवारी मी आधीच तयार होऊन बसले होते. ‘मॅडम’चं ‘पोरी’ कधी झालं ते आठवत नाही.

गाडी बघायची त्यांची पद्धत अशी की विकणाऱ्याला वाटावं, हा बाबा गाडी सोडून सगळं पाहून राहिला. इंजिनाचं झाकण उघडण्याची घाई नाही. आधी एकेक दार एका बोटानं लोटून लावायचे आणि आवाज ऐकायचे. मग काकूंच्या फ्रिजवरून उचललेलं, संत्र्याच्या आकाराचं चुंबक खिशातून काढून पत्र्यावर फिरवायचे. संत्रं जिथून खाली पडलं तिथं पत्रा सडून आत पुट्टी भरलेली. मग गाडीतली पायाखालची सतरंजी उचलून वास घ्यायचे. आणि शेवटी मागच्या सीटवर जाऊन बसायचे, कितीतरी वेळ. मी एकदा विचारलं, ‘मागे काय असतं काका?’ तर म्हणाले, ‘समोर मालकाची अकड बसते. मागं बसलं का गाडी खरं बोलते.’

पण या सगळ्याच्याही आधी एक गोष्ट. गाडीजवळ गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात.

मौद्याला एका ठेकेदाराकडे गेलो होतो. घेणारा गृहस्थ आमच्यासोबत, नवा कोरा कोट-टाय, जसा काही मुलगीच पाहायला निघाला होता. ठेकेदाराची गाडी अशी चकाचक की मला, जुन्याचं वावडं असलेलीलाही, भुरळ पडली. टेबलावर काजू मांडलेले, चहा उकळतोय. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, दुपट्टा झटकला आणि आल्या पावली फाटकाकडे वळले.

‘काहून काका? काय झालं?’ ठेकेदार मागे धावला.

‘गाडी तापलेली आहे.’

‘अहो, तुम्ही येणार म्हणून जरा सुरू करून ठेवली!’

‘तेच म्हणतो ना मी.’

घेणारा गृहस्थ परतताना वाटभर धुसफुसत होता. म्हणे, साधी स्टार्टिंगची भानगड, हजार-दोन हजारांत दुरुस्त होते. काका खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. शेवटी वळले. ‘हे पाहा गा भाऊ. रातभर उभी असलेली गाडी सकाळी कशी उठते, हा तिचा स्वभाव. त्यानं आपण यायच्या आधी तापवली. म्हंजे ती थंडीत उठत नाही हे त्याले माहीत आहे, आन् सांगायचं नाही. नादुरुस्त गाडीचा भाव होते. लपवलेल्या गाडीचा भाव होत नाही.’

मी गाडी चालवत होते. इतकी वर्षं लोकांचे रिपोर्ट हातात देत होते, पण माणूस काय लपवतो यावरून त्याची किंमत करावी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

भाव करायची रीत तर त्याहून अजब. बैलबाजारात करतात तसा सौदा, दुपट्ट्याखाली. काकांचे वडील लुगड्यांचा भाव व्यापाऱ्याशी असाच करायचे म्हणे. दोघांचे हात दुपट्ट्याखाली, तोंडानं एक आकडा नाही. पूर्ण बोट धरलं तर लाख, बोटाचं एक पेर धरलं तर दहा हजार. हा हिशोब काकांनी गाड्यांसाठी स्वतः बसवला होता. मला सुरुवातीला हसू यायचं. मोबाइलवर क्षणात पैसे पाठवणारी माणसं फडक्याखाली बोटं चाचपत बसलेली! मी म्हटलं, ‘काका, सरळ सांगून का नाही टाकत?’

‘तोंडानं बोललेला भाव मागं घेता येत नाही वं पोरी. माणूस मग गाडीसाठी नाही भांडत, बोललेल्या शब्दासाठी भांडते. बोट मागं घेता येते, कोणाले दिसत नाही. इज्जत झाकलेली राह्यते.’

बाईचा हात मात्र दुपट्ट्याखाली चालत नसे. तो नियम मोडला सदरमध्ये. तिथं एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना वडिलांची गाडी विकायची होती. वडिलांनी तिच्यातून त्यांना पहिल्या दिवशी शाळेत सोडलेलं, तिच्यातूनच आईला दवाखान्यात नेलेलं. बाई सांगत होत्या, रडत होत्या, आणि प्रत्येक आठवणीगणिक गाडीची किंमत वाढत चालली होती. घेणारा बिचारा घाम पुसत होता. काका मागच्या सीटवर बसून सगळं ऐकत होते. ऐकून झालं, खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, ‘बाई, एक सांगतो, राग मानू नका. गाडीचा भाव वेगळा आन् आठवणीचा वेगळा. आठवण तुमच्याजवळच राहणार आहे. जी वस्तू तुम्ही देऊनच नाही राहिल्या, तिचे पैसे कसे घेता?’

मला वाटलं, आता बाई हाकलतील. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘मग तुम्हीच सांगा काय ते.’

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, बाईंकडे पाहिलं, अडले. मग तो माझ्याकडे फेकला. ‘तू टाक हात. रोज लोकाईच्या शिरा शोधते, तुह्ये बोटं कामाचे आहेत.’ माझ्या कानात आकडा सांगितला, बाईंना बोटांचा हिशोब समजावला, आणि मी त्या म्हाताऱ्या हातात तो आकडा दिला. बाईंनी थोडा वेळ तो तसाच धरून ठेवला. मग मान हलवली. पोहे खाताना त्या घेणाऱ्याला सांगत होत्या, डाव्या खिडकीची काच हळू वर करा बरं.

त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये मी कमी आणि काकांचे किस्से जास्त असायचे. घरी आले की मी त्या बिस्किटी गाडीला वळसा घालून जिना चढायचे. एक दिवस लक्षात आलं की आपण वळसा मुद्दाम मोठा घेतो आहोत. मला ती हवी होती. भंगार म्हणणारी मी, नव्या गाडीसाठी साठवलेले पैसे मनातल्या मनात तिच्यावर ठेवून बसले होते. बोलायची मात्र हिंमत नव्हती.

तेवढ्यात वर्धा रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनचे मालक आले. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल. फाटकातूनच ओरडले, ‘काका, नवरा-नवरीच्या फोटोसाठी गेटवर उभी करायची आहे. तुम्ही भाव सांगा, मी दुप्पट देतो!’

काकू ताटली घेऊन दारातच थांबल्या. मीही जिन्यात थबकले. संपलं, असं वाटलं. एवढे पैसे मी कुठून आणणार?

काका शांतपणे म्हणाले, ‘भाव एक असते. त्याच्या दुप्पट म्हणजे चूक.’

‘अरे काका, चूक माझी, पैसे माझे, तुमचं काय जातं?’

‘तुम्ही खाली वाकूनसुद्धा नाही पाह्यलं भाऊ. तिच्यात काय आहे, काय नाही, तुम्हाले माहीत नाही. ज्याले काही माहीत नाही त्याच्याजवळून मी पैसे घेतले तं त्याले काय म्हणतात, तुम्हीच सांगा.’ आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

ते गेल्यावर काकूंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ‘लोकं पैसे कमी भेटते म्हणून रडतात, हा बाप्पा जास्त भेटते म्हणून चिडते! डोळ्याच्या औषधाले काय कमी पैसे लागून राहिले का?’ काकूंचं चुकत नव्हतं, हे काकांनाही कळत होतं. मला राहवलं नाही. मी जिन्यातूनच म्हणाले, ‘काका, मी घेऊ का?’

दोघंही माझ्याकडे पाहत राहिले.

‘तू चालवशील?’ काकांनी विचारलं.

‘रोज.’

‘मग रविवारी पाहायला ये. जशी दुसऱ्याची पाहतो तशी. आन् मी कोणाच्या बाजूनं बोलणार नाही. मालक आहो मी.’

रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. काका व्हरांड्याच्या पायरीवर स्वेटर घालून बसलेले, काकू दारात. मला रोजचीच गाडी, पण त्या दिवशी मी गिऱ्हाईक होते. पुढे झाले आणि शिकवल्याप्रमाणे बॉनेटवर तळहात ठेवला.

बॉनेट उबदार होतं.

मी हात उचलला, पुन्हा ठेवला. वाटलं, ऊन लागलं असेल. ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीवरही आलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांना या अंतरावरून माझा चेहरा दिसतही नसावा, पण मान खाली होती.

‘हात ठेवला?’

‘ठेवला.’

‘मग बोल ना.’

बोलले नसते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. गाडी मला मिळाली असती, त्यांची अब्रू राहिली असती. पण ज्या माणसानं तापलेल्या बॉनेटवरून माणसं ओळखायला शिकवलं, त्याच्याशीच खोटं बोलायचं?

‘गरम आहे काका.’

काकूंनी ‘अगं बाई’ म्हणून तोंडावर पदर घेतला. काकांनी मोठा श्वास सोडला. ‘पहाटेच उठून सुरू केली. थंडी पडल्यापासून लवकर उठून नाही राहिली ती. वाटलं, तुह्यासमोर पह्यल्या झटक्यात उठली पाह्यजे. तिची लाज वाटली नाही वं मले. तिच्यासाठी वाटली.’ मग ताठ होऊन म्हणाले, ‘तुले माहीत आहे काय करायचं ते. जा परत.’

आयुष्यभर लोकांना फाटकातून परत पाठवणारा तो माणूस स्वतःच्याच नियमात असा सापडलेला पाहून मला रडूही आलं आणि त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. एका शब्दानं त्यांनी सूट मागितली नाही. मी जिना चढले. वरच्या पायरीवरून ओरडून सांगितलं, ‘उद्या लॅब उशिरा उघडते मी. सकाळी येते. तोवर गाडीला हात लावायचा नाही!’

दुसऱ्या दिवशी बॉनेटवर दव होतं. मी चोक ओढला, सेल्फ मारला. गाडी खोकली आणि गप्प. पुन्हा मारला. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी पायरीवर काकांच्या पायाची बोटं आखडत होती. शेजारचा माणूस झाडांना पाणी घालायचं सोडून बघत उभा. कितीदा मारला असेल, मोजलं नाही. शेवटी धूर सोडत, थरथरत ती उठली. काकांनी डोळे पुसले नाहीत, मिटले.

मी घाई केली नाही. दारं लावून ऐकली, चुंबक फिरवलं, सतरंजी उचलली, मागे बसले. मग तिथूनच, ते नेहमी विकणाऱ्याला विचारत तसं विचारलं, ‘विकून काय करणार काका?’

‘तू नेशील तं मागं बसीन.’

खाली उतरून मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून दोघांच्या हातांवर टाकला. त्यांची बोटं गार होती. रात्रभर मी एक आकडा ठरवून ठेवला होता, चांगला मोठा, त्यात काकूंचं बोलणं होतं, औषधं होती, मौद्याचा रस्ता होता, ती उतरलेली भाड्याची रक्कमसुद्धा होती. तेवढी बोटं मी धरली. काकांचा हात दगडासारखा झाला. मला कळलं. हे आठवणीचे पैसे होते, आणि ते घेणार नव्हते. मी बोटं सोडली. फक्त गाडी डोळ्यांसमोर आणली, तिची दारं, तिचा पत्रा, तिचं नीट ठेवलेलं पोट, आणि तिचं थंडीत न उठणं. नव्यानं बोटं धरली. आणि मग, जीव तुटत होता तरी, त्या न उठण्यापायी शेवटचं एक पेर सोडून दिलं.

आकडा मी सांगणार नाही, तो दुपट्ट्याखालचा आहे. पण इतकं सांगते, लॉनवाल्याला तो ऐकून हसू आलं असतं.

काकांनी माझी बोटं घट्ट धरली. मग दुपट्टा बाजूला करून उठले, भिंतीला हात लावत लावत फाटकापर्यंत गेले आणि पाणी घालणाऱ्या शेजाऱ्याला एवढ्या मोठ्यानं ओरडले की गल्लीतली कुत्री उठली.

‘ओ भाऊ! ऐकलं काय गा? पोरीनं पैसे कापले ना! थंडीत सुरू होत नाही म्हणून कापले! बरोबर कापले! आता मले दिसलं नाही दिसलं, काही फरक पडत नाही!’

शेजाऱ्याला कळेना, अभिनंदन करावं की समजूत काढावी. नळी हातात तशीच, पाणी पायावर. काकू दारात हसत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या. मी गाडीला टेकून भर सकाळी हुंदके देत होते. आणि काका फाटकात उभे राहून दूधवाल्याला, पेपरवाल्याला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, ‘माह्या पोरीनं कापले.’